क्यूजीआयएसमधून मोठा नकाशा नीट निघत नाही? हे पाच कारणं तपासा

ग्रामसभेत भिंतीवर नकाशा लावला आणि त्यावरचा गट नंबरच वाचता येत नसेल, तर तो नकाशा काय कामाचा? यवतमाळ जिल्ह्यात सामूहिक वनहक्काचा दावा असो, पाणलोटाचं काम असो की निम्न पैनगंगा प्रकल्पाचं बुडीत क्षेत्र, रेषा नेमकी कोणाच्या शेतातून जाते हे दिसावंच लागतं. क्यूजीआयएस मोफत आहे, म्हणून अनेक विद्यार्थी त्यातच नकाशे बनवतात. इमेज एक्सपोर्ट करताना मात्र गाडी अडते.

१. अक्षरं फुटतात
स्क्रीनवर दिसतं तेच सेव्ह केलं की इमेज साधारण ९६ डीपीआयची निघते. मोबाइलवर ती ठीक दिसते, छापली की फुटते. त्याऐवजी 'न्यू प्रिंट लेआउट' उघडा, कागदाचा आकार ठरवा आणि 'एक्सपोर्ट रिझोल्यूशन' ३०० ठेवा. ए३ कागदाला अशी ४९६१ × ३५०८ पिक्सेलची इमेज मिळते.

२. एक्सपोर्ट अर्ध्यात बंद पडतो
हा मेमरीचा प्रश्न आहे. एका पिक्सेलला ४ बाइट धरले, तर वरच्या ए३ इमेजला सुमारे ७० एमबी रॅम लागते. ए० कागद आणि ६०० डीपीआय घेतलं की तीच गरज सुमारे २.२ जीबी होते, आणि ती फक्त एका इमेजची! डीपीआय दुप्पट केलं की पिक्सेल चौपट होतात, हे लक्षात ठेवा. भिंतीवरचा ए० नकाशा लोक दोन हात लांबून बघतात, त्याला १५० डीपीआय पुरतं. तेवढ्यात काम १४० एमबीवर येतं. रेषा आणि अक्षरंच जास्त असतील तर सरळ पीडीएफ काढा. त्यात रेषा कितीही झूम केल्या तरी फुटत नाहीत.

३. मागच्या नकाशावरची नावं मुंगीएवढी होतात
ओपनस्ट्रीटमॅपसारखा ऑनलाइन बेसमॅप २५६ पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांत येतो. डीपीआय वाढलं की क्यूजीआयएस जास्त झूमचे तुकडे मागवतं, त्यामुळे नावं बारीक होतात. काही तुकडे वेळेत आले नाहीत तर तिथे पांढरे चौकोन राहतात. एक्सवायझेड कनेक्शनच्या सेटिंगमध्ये 'टाइल रिझोल्यूशन' हे 'स्टँडर्ड' करा, किंवा जास्तीत जास्त झूमची मर्यादा कमी करा.

४. सॅटेलाइट फोटो धूसरच राहतो
इथे डीपीआय वाढवून काही होत नाही. सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल जमिनीवर १० मीटरचा असतो. म्हणजे एक एकर शेत जेमतेम ४० पिक्सेलमध्ये बसतं. १:१०,००० च्या नकाशात तो पिक्सेल कागदावर १ मिलिमीटरचा होतो. ३०० डीपीआयला त्याच्या एका बाजूवर सुमारे १२ ठिपके येतात, पण सगळे एकाच रंगाचे. मूळ फोटोत जी माहिती नाही, ती एक्सपोर्टमध्ये येणार कुठून? बांध दाखवायचा असेल तर गटाच्या हद्दीचा वेगळा लेअर टाका.

५. नकाशा आडवा ताणलेला दिसतो
प्रोजेक्ट ईपीएसजी:४३२६ मध्ये, म्हणजे अंशांत आहे का बघा. आपल्या अक्षांशावर त्यात आडवं अंतर सुमारे ६ टक्के जास्त दिसतं. यवतमाळची गंमत अशी, की ७८ अंश पूर्व रेखांश जिल्ह्याच्या मधून जातो आणि तिथेच यूटीएमचा झोन बदलतो. पुसद, दिग्रस, उमरखेडला ईपीएसजी:३२६४३ वापरा, तर यवतमाळ, पांढरकवडा, वणीला ३२६४४. पूर्ण जिल्हा एकाच कागदावर असेल तर एकच झोन धरा, छापील नकाशात कडेचा फरक जाणवत नाही.

सगळं जमलं आणि इमेज व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली, तर ॲप ती दाबून लहान करतं. छपाईवाल्याला ती 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा. आणि मोठा प्रिंट काढण्याआधी सर्वांत छोटं अक्षर असलेला एक कोपरा साध्या ए४ वर खऱ्या आकारात छापून बघा. तो वाचता आला, की बाकीचा नकाशाही वाचता येईल.