किडनीच्या आजारात म्हाताऱ्या कुत्र्याची भूक का मरते?

कुत्रा ताटलीपाशी येतो, वास घेतो, ओठ चाटतो आणि तोंड फिरवून निघून जातो. घरच्यांना वाटते, त्याला भाकरीचा कंटाळा आला. किडनीचा जुना आजार असलेल्या कुत्र्यात हे बहुतेक वेळा मळमळीचे लक्षण असते. भूक असते, पण अन्न नकोसे वाटते.

किडनीने लघवीवाटे बाहेर टाकायचे टाकाऊ पदार्थ रक्तात साठतात. ते मेंदूतील उलटीचे केंद्र चाळवतात. आजार वाढल्यावर तोंडात फोड येतात, श्वासाला उग्र वास येतो. शरीरातील पाणी कमी होणे आणि रक्त कमी होणे, यांनीही भूक जाते. वाशिमच्या उन्हाळ्यात पहिली अडचण फार लवकर येते, कारण असा कुत्रा लघवी खूप करतो आणि पाण्याचे भांडे रिकामे राहिले तर लगेच खचतो. भांडे दोन-तीन ठिकाणी, सावलीत ठेवा. रात्री पाणी काढून घेऊ नका.

किडनीचे सुमारे तीन-चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन बऱ्याचदा वाढत नाही. म्हणून क्रिएटिनिनसोबत युरिया, फॉस्फरस, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, लघवी आणि रक्तदाब तपासावा लागतो. गोचीड ताप आणि लेप्टोस्पायरोसिस यांनीही किडनी बिघडते, तेव्हा अंगावर गोचिड्या होत्या का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आधी मळमळ थांबवायची, मग खाण्याचे बघायचे. हा क्रम उलटा केला की फसगत होते. मॅरोपिटंट किंवा ऑनडॅनसेट्रॉनने उलटी-मळमळ कमी होते, मिर्टाझापिनने भूक वाढते, सलाइनने पाणी भरून निघते. डोस वजन आणि तपासणीवर ठरतो. माणसाच्या गोळीचा अंदाजाने तुकडा देऊ नका. अंग दुखत असेल म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तर कधीच नको. त्याने उरलेली किडनीही जाऊ शकते.

कमी फॉस्फरसचा किडनी-आहार उपयोगी आहे, पण तो मळमळ चालू असताना सुरू केला तर कुत्रा त्या अन्नाशी उलटीचा संबंध जोडतो आणि पुढे ते कायमचे नाकारतो. बरे वाटू लागल्यावर, नेहमीच्या जेवणात थोडा-थोडा मिसळत दोन-तीन आठवड्यांत बदला. मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, मीठ न घातलेले चिकनचे पाणी, हे कोमट करून लहान घासांत द्या; कोमट अन्नाचा वास जास्त येतो. हाडे, फरसाण, कांदा-लसूण, मनुका टाळा. आहार पसंत नसेल तर उपाशी ठेवण्यापेक्षा तो जे खाईल ते खाऊ द्या, असे मी सांगतो. तोंडात जबरदस्तीने भरवू नका. मळमळ वाढते आणि अन्न श्वासनळीत जाण्याचा धोका असतो.

एक दिवस काहीच खाल्ले नाही, वारंवार उलटी, काळी शी, लघवी बंद, किंवा उठता येत नाही, यापैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तिथे तपासणीची सोय नसेल तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था किंवा परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडते. जाताना आधीचे रिपोर्ट, चालू औषधांची पाकिटे आणि गेल्या आठवड्यात कुत्र्याने काय, किती खाल्ले याची नोंद सोबत घ्या.