ठासणीची बंदूक आणि घाईचा बाजार

बाजारात मडके घेताना आपल्याकडची कोणतीही गृहिणी ते आधी वाजवून पाहते. बोटाच्या टिचकीसरशी टणक, स्वच्छ आवाज आला तर मडके घरात येते. बद्द आवाज आला तर कुंभाराची कितीही ओळख असो, ते त्याच्याच ढिगात परत जाते. एखाद्या सरकारला एका वर्षात पाच लाख मडकी घ्यावयाची वेळ आली, वेळ हाताशी नाही, कुंभार सात समुद्रांपलीकडे आणि शेजारचे वैरी सरकारही त्याच कुंभाराच्या दारात थैली घेऊन उभे, तर वाजवून घेणार कोण आणि कसे? 1861 साली अमेरिकेत नेमका हाच पेच पडला होता. मात्र मडक्यांच्या जागी बंदुका होत्या, आणि मडके फुटले तर पाणी सांडते, बंदूक फुटली तर काय होते ते सांगावयास नकोच.

अमेरिकेचे यादवी युद्ध म्हटले की आपल्याला लिंकन आठवतो, गुलामगिरी आठवते, गेटिसबर्गचे भाषण आठवते. मला मात्र त्या युद्धाच्या इतिहासातला हा खरेदीचा अध्याय फार मोलाचा वाटतो. त्यात सेनापती थोडे आहेत. दलाल, कारकून, लोहार, तपासनीस आणि बिचारे नवखे शिपाई पुष्कळ आहेत.

एप्रिल 1861 मध्ये दक्षिणेकडील बंडखोर राज्यांनी सम्टरच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. लिंकनने आधी 75 हजार स्वयंसेवक मागितले आणि जुलैत तर काँग्रेसने पाच लाखांची भरती मंजूर केली. माणसे मिळाली. गावोगावचे शेतकरी, सुतार, शाळामास्तर गाणी म्हणत छावण्यांत येऊन दाखल झाले. पण त्यांच्या हातांत द्यावयाचे काय? सरकारचे बंदुकांचे कारखाने दोनच: एक मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफील्डला, दुसरा व्हर्जिनियात हार्पर्स फेरीला. त्यांपैकी हार्पर्स फेरीचा कारखाना 18 एप्रिलला उत्तरेच्या शिपायांनीच पेटवून दिला, कारण तो शत्रूच्या हाती पडणार हे उघड होते. तरीही त्यातली बरीचशी यंत्रसामग्री दक्षिणेने वाचवली आणि रिचमंड व फायेटव्हिल येथे नेऊन मांडली. उत्तरेला उरले एकटे स्प्रिंगफील्ड. पुढे ह्या कारखान्याने दिवसाला हजार बंदुकांपर्यंत मजल मारली खरी, पण ती पुढे. पहिल्या वर्षी पाच लाख माणसांना पुरवठा करणे त्याच्या आवाक्यातले नव्हते.

येथे थोडे थांबून ही बंदूक कशी असे ते सांगितले पाहिजे. नाहीतर पुढची तक्रार कळावयाची नाही. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरावयाची बंदूक. शिपायाने कागदी काडतूस दातांनी फाडावयाचे, दारू नळीत ओतावयाची, वर शिशाची गोळी ठेवावयाची आणि लोखंडी गजाने ती तळापर्यंत ठासावयाची. नळीच्या बुडाशी बाहेरच्या बाजूला एक पोकळ पोलादी टोक असे; त्यावर स्फोटक भरलेली तांब्याची इवलीशी टोपी बसवावयाची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी त्या पोकळीतून आत जाते आणि बार उडतो. नळीच्या आत पीळदार खाचा पाडलेल्या असत, त्यामुळे गोळी गिरक्या घेत सरळ जाई. मिनिए ह्या फ्रेंच अधिकाऱ्याने 1849 च्या सुमारास बुडाला खळगी असलेली गोळी प्रचारात आणली. ती नळीपेक्षा किंचित बारीक असल्याने सहज आत उतरे आणि बार होताच फुगून खाचांना घट्ट बसे. साऱ्या यंत्राची मदार ह्या ‘किंचित’वर. गोळी फार बारीक तर नेम नाही. जरा जाड, तर चार-सहा बारांनंतर नळीत दारूची काजळी साचली की ती अर्ध्यातच अडकून बसते, आणि समोरून शत्रू येत असतो.

ब्रिटिशांची 1853 ची एनफील्ड ह्याच जातीची. आपल्या लोकांना ती निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. तिच्याच काडतुसाच्या चरबीवरून 1857 साली हिंदुस्थानात वणवा पेटला. तीच एनफील्ड चार वर्षांनी अमेरिकेच्या दोन्ही पक्षांना हवीहवीशी झाली. तिची नळी 0.577 इंचांची, स्प्रिंगफील्डची 0.58. म्हणजे दारूगोळा जवळजवळ एकच चाले. पण युरोपात विकावयास निघालेल्या सगळ्याच बंदुका एनफील्ड नव्हत्या. ऑस्ट्रियाची लोरेंत्स होती, तिची नळी 0.54 इंचांची. प्रशियाच्या आणि बेल्जियमच्या बंदुकांत कित्येक नेपोलियनच्या काळच्या, नळी 0.7 इंचाच्या आसपास, आत खाचा नाहीत, मूळची गारगोटीची कळ काढून टाकून टोपीची बसवलेली. ज्या राजांनी आपली सैन्ये नव्या शस्त्रांनी सजवली होती त्यांना अडगळ काढून टाकावयाचीच होती, आणि गिऱ्हाईक अगदी वेळेवर चालून आले.

ह्या गिऱ्हाइकांची गंमत पाहा. उत्तरेच्या युद्धखात्याने जुलै 1861 मध्ये जॉर्ज स्कायलर ह्यांना वीस लाख डॉलर देऊन युरोपात धाडले. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्याचाही माणूस इंग्लंडात हिंडत होता, खाजगी व्यापारी हिंडत होते आणि दक्षिणेचा कॅलेब ह्यूज तर मे महिन्यापासूनच लंडनमध्ये ठाण मांडून होता. एकाच पक्षाचे लोक एकमेकांवर चढ बोलत. अशा लिलावात मालाची पारख करावयास उसंत कोणाला? वॉशिंग्टनमधले दारूगोळा खात्याचे प्रमुख जेम्स रिप्ली परदेशी बंदुका घ्यावयासच नाखूश होते. पन्नास तऱ्हेची शस्त्रे सैन्यात शिरली की दारूगोळ्याचा गोंधळ होईल, हे त्यांचे म्हणणे. म्हातारा हेकट होता, त्याच्या दिरंगाईने चांगला माल हातचा गेला, अशी त्याची निंदा झाली आणि ती खोटी नाही. परंतु पुढे जे घडले ते वाचल्यावर मला वाटते, त्याच्या भीतीत निम्मे तरी शहाणपण होते.

बंदुकांच्या पेट्या छावण्यांत फुटू लागल्या आणि रडगाणे सुरू झाले. कुठे घोडा टोपीवर नीट बसत नाही. कुठे कमान इतकी दुबळी की टोपी फुटतच नाही. कुठे ती इतकी ताठ की टोपीखालचे टोकच चेपून जाते. संगीन मऊ लोखंडाची, जमिनीत रोवली तर वाकते. आणि पुष्कळ पलटणींत एकाच रांगेत दोन-तीन मापांच्या बंदुका. म्हणजे लढाईच्या ऐन रंगात काडतुसांची पेटी चुकीची आली तर सगळी रांग हात चोळीत उभी.

एनफील्डचेही एक दुखणे होते, ते मात्र खोटेपणाचे नव्हे. बर्मिंगहॅममध्ये ही बंदूक एका छपराखाली होतच नसे. नळी एक कारागीर करी, कळ दुसरा, दस्ता तिसरा, आणि शेवटचा माणूस कानस घेऊन सगळे भाग एकमेकांत बसवी. नळी मात्र कसून तपासली जाई. बर्मिंगहॅमला 1813 पासून कायद्याने स्थापन झालेले परीक्षागृह होते. तेथे नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त दारू ठासून बार काढीत आणि नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का उठवीत. ह्या शिक्क्याचा अर्थ नवख्या खरेदीदाराला समजत नसे. नळी फुटणार नाही एवढेच तो सांगे. घोडा नीट पडेल, स्क्रू घट्ट आहेत, संगीन बसेल ह्याची ग्वाही तो देत नव्हता. आणि हाताने बसवलेल्या भागांमुळे एका एनफील्डची संगीन दुसरीला बसेलच असे नसे, मोडलेल्या कळीचा तुकडा दुसऱ्या बंदुकीतून काढून लावावा तर तोही घासूनच बसवावा लागे. यंत्रावर एकसारखे भाग बनवणारी लंडन आर्मरी कंपनी हा अपवाद. ह्यूजने तिच्याशी वेळीच करार केला, ही त्याची हुशारी. त्याने व्हिएन्नाच्या शस्त्रागारातून एक लाख लोरेंत्सही उचलल्या.

मग ह्या दोषांवर उपाय काय केले? पहिला उपाय शिपायाचाच. नवी बंदूक हातात आली की आधी तिच्यावरचे साठवणीचे वंगण गरम पाण्याने आणि चिंध्यांनी काढावयाचे. मग रिकाम्या नळीत गज वरून सोडावयाचा. तळाशी आपटून तो खणखणीत वाजला तर नळी स्वच्छ. आवाज बद्द आला तर तळाशी काहीतरी बसले आहे. आपल्या गृहिणीची मडक्याची परीक्षा ती हीच! नंतर नुसती टोपी लावून नळीचे तोंड गवताच्या पात्यापाशी न्यावयाचे आणि चाप ओढावयाचा. पाते हलले तर ठिणगीची वाट मोकळी आहे. अशा दोन साध्या परीक्षांनी किती जणांचे प्राण वाचले असतील ह्याची गणती कोणी ठेवली नाही. उलट बाजूची एक गणती मात्र आहे. गेटिसबर्गच्या रणभूमीवरून 1863 साली सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा झाल्या, त्यांपैकी सुमारे चोवीस हजार भरलेल्या होत्या. पुष्कळांत एकावर एक दोन बार आणि एकीत तर तेवीस. गडबडीत टोपी फुटली की नाही हे त्या पोराला कळलेच नसेल. तो ठासत राहिला.

दुसरा उपाय पलटणीच्या लोहाराचा: मऊ टोक बदलणे, कमान नवी घालणे, घोडा कानशीने घासून जागेवर आणणे. तिसरा कारखान्याचा. काही लोरेंत्सच्या नळ्या पुन्हा कोरून 0.58 इंचांच्या केल्या, म्हणजे निदान काडतूस तरी एक झाले.

चौथा उपाय वकिली. मार्च 1862 मध्ये नवे युद्धमंत्री स्टँटन ह्यांनी जोसेफ होल्ट आणि रॉबर्ट डेल ओवेन ह्या दोघांचे मंडळ नेमले. हे ओवेन म्हणजे समाजवादी रॉबर्ट ओवेन ह्यांचे चिरंजीव. दोघांनी 104 प्रकरणे तपासली. सुमारे पाच कोटी डॉलरांची देणी होती, त्यांतून जवळजवळ एक कोटी सत्तर लाख त्यांनी वाचवले. पुढे 2 मार्च 1863 ला सरकारला खोटी मागणी करणाऱ्यास शासन करणारा कायदा झाला. सुधारणा होऊन तो आजही लागू आहे. तो व्हावा अशी प्रकरणेही होतीच. सरकारने आपल्याच जुन्या पाच हजार हॉल कारबाइन साडेतीन डॉलर दराने मोडीत काढल्या आणि दोन हात फिरून त्याच बंदुका सेनापती फ्रिमाँटने बावीस डॉलरांना विकत घेतल्या! ह्या ठासणीच्या नव्हत्या, मागून भरावयाच्या होत्या. पण गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दक्षिणेकडेही काही रामराज्य नव्हते. ह्यूजला माल पुरवणाऱ्या आयझॅक-कँबेल पेढीने हिशेब फुगवल्याचे 1863 च्या चौकशीत उघड झाले.

सर्वांत मजेदार उपाय ग्रँटचा. 4 जुलै 1863 ला व्हिक्सबर्ग पडले आणि साठ हजारांच्या घरात बंदुका हाती आल्या. ग्रँट आत्मचरित्रात लिहितो की त्याच्या लोकांजवळच्या बेल्जियन बंदुका समोरच्यापेक्षा झाडणाऱ्यालाच फारशा कमी धोक्याच्या नव्हत्या, आणि हरलेल्या शत्रूजवळ मात्र नाकेबंदी चुकवून आणलेल्या नव्या, एका मापाच्या. त्याने कर्नलांना सांगून टाकले: आपल्या वाईट बंदुका त्या ढिगात टाका आणि त्यांतल्या चांगल्या उचला. सदोष माल परत करण्याची ही रीत कोणत्याही दुकानदाराला परवडणारी नव्हे!

दक्षिणेने ह्या बंदुका घेतल्या त्या कापसाच्या जिवावर, आणि तोच कापूस नाकेबंदीत अडकल्याने लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर बॅक बेच्या शेअरांचे भाव चढत गेले. 9 एप्रिल 1865 ला ली शरण आला आणि 1 जुलैच्या व्यवहारपूर्तीला मुंबईचा बाजार कोसळला. खेड्यातला शेतकरी तेजीत काढलेले कर्ज मंदीत फेडीत बसला. 1875 साली सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, त्यामागच्या कारणांत हेही एक होते.

आणि बंदुकांचे काय झाले? घरी परतणाऱ्या शिपायांना आपली बंदूक सहा डॉलरांत विकत घेण्याची मुभा सरकारने दिली. त्याच जातीच्या नव्या बंदुकीला सरकारने वीस डॉलर मोजले होते. कित्येकांनी ती घेतली आणि शेकोटीवरच्या फळीवर ठेवली. काही स्प्रिंगफील्डच्या नळ्या मागून उघडून पाठीमागून भरावयाच्या केल्या. उरलेल्यांपैकी पुष्कळशा 1870 साली फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले तेव्हा दलालांमार्फत फ्रान्सला विकल्या गेल्या. त्यांत ठासणीच्या एनफील्डही होत्या. समुद्र ओलांडून त्या पुन्हा युरोपात गेल्या. ह्या वेळी खरेदीची घाई फ्रेंचांना होती.