अ‍ॅम्पवरचा 'गेन' म्हणजे व्हॉल्यूम नव्हे! गाडीतला सबवूफर का जळतो आणि अ‍ॅम्प नीट सेट कसा करायचा?

सिग्नलला शेजारी एखादी गाडी येऊन थांबते. काचा बंद असतात, तरी नंबर प्लेट थरथरत असते आणि गाण्यातला ढोल 'धम्' न वाजता नुसता 'भर्रर्र' वाजत असतो. मंडळी, अशा गाडीतल्या सबवूफरचं आयुष्य फार नसतं. बऱ्याचदा दोष सबवूफरचाही नसतो आणि अ‍ॅम्प्लिफायरचाही नसतो. अ‍ॅम्पवरचा 'गेन' नावाचा छोटा नॉब कुणीतरी शेवटपर्यंत फिरवून ठेवलेला असतो, एवढंच.

गेनला बहुतेक जण व्हॉल्यूम समजतात. प्रत्यक्षात त्याचं काम वेगळं आहे. स्टिरिओमधून आरसीए वायरने अ‍ॅम्पकडे जो सिग्नल जातो, तो काही स्टिरिओंमध्ये २ व्होल्टचा असतो, तर काहींमध्ये ४ व्होल्टचा. किती व्होल्ट आले की आपली पूर्ण ताकद द्यायची, हे अ‍ॅम्पला गेन सांगतो. गेन गरजेपेक्षा जास्त ठेवला, तर स्टिरिओचा आवाज अर्ध्यावर असतानाच अ‍ॅम्पची ताकद संपते. त्यापुढे आवाज वाढवला की आवाजाच्या लाटेचा वरचा आणि खालचा भाग छाटला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात.

छाटलेली लाट घातक का? कारण डोकं पूर्ण सपाट झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लाटेच्या दुप्पट पॉवर असते. म्हणजे ५०० वॅटचा अ‍ॅम्प सबवूफरमध्ये हजार वॅटच्या जवळपास ओतू शकतो. त्या उष्णतेने आतली व्हॉइस कॉइल भाजते आणि गाडीत जळकट वास येतो. 'लहान अ‍ॅम्प लावला की सबवूफर जळतो' असं दुकानात सांगतात, ते अर्धंच खरं. लहान अ‍ॅम्प स्वतः काही बिघडवत नाही, त्याला ताणून वाजवलं की बिघडतं.

सेटिंगआधी वायरिंग पाहा, कारण इथली चूक सबवूफरवर नाही, गाडीवर बेतते. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणाऱ्या जाड वायरला बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. हा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. पत्र्याच्या कडेवर घासून वायरचं कव्हर फाटलं आणि फ्यूज नसला, तर बॅटरीचा सगळा करंट तिथून वाहतो आणि वायर पेटते. वायर बॉनेटमधून आत घेताना भोकात रबरी ग्रोमेट बसवायला सांगा. सुमारे ८० टक्के कार्यक्षमतेचा ५०० वॅटचा क्लास डी अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने वाजताना १३.८ व्होल्टवर ४५ अ‍ॅम्पियरच्या आसपास करंट ओढतो. त्यासाठी तांब्याची ४ गेज वायर योग्य. स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते. तीच घ्यायची असेल तर एक माप जाड घ्या. अर्थिंगची वायर छोटी ठेवा आणि पत्र्यावरचा रंग खरवडून, उघड्या लोखंडावर घट्ट आवळा. आरसीए वायर मात्र पॉवरच्या वायरपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी 'कुंईं' गाण्यात मिसळते.

आता मुख्य काम. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरे. उदाहरण घेऊ: ४-४ ओहमच्या दोन कॉइलचा १२ इंची सबवूफर. दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या की अ‍ॅम्पला २ ओहम दिसतात. (तुमचा अ‍ॅम्प २ ओहमला चालतो का, हे आधी पुस्तिकेत बघा.) अ‍ॅम्प २ ओहमला ५०० वॅट आरएमएस देतो आणि सबवूफरही तेवढे पेलतो, असं धरू. वॅटला ओहमने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं: ५०० गुणिले २ म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६. आपल्याला अ‍ॅम्पच्या आउटपुटवर ३१.६ व्होल्ट हवेत. सबवूफर ४०० वॅटचाच असेल तर हिशोब ४०० चा करा, म्हणजे २८.३ व्होल्ट. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले 'मॅक्स' वॅट या गणितात घेऊ नका, फक्त आरएमएस.

सबवूफरच्या वायर अ‍ॅम्पवरून काढा. गेन शून्यावर, बास बूस्ट बंद, सबसॉनिक बंद, लो पास फिल्टर सर्वात वर. स्टिरिओचा इक्वलायझर सपाट आणि लाउडनेस बंद. ५० हर्ट्झचा ० डीबी टेस्ट टोन पेनड्राइव्हवर घ्या. ब्लूटूथने लावला तर मोबाइलचा आवाजही हिशोबात येतो. गाडी मोकळ्या जागेत उभी करून इंजिन चालू ठेवा, बंद गॅरेजमध्ये अजिबात नको. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर न्या, म्हणजे ४० पैकी ३०. मल्टिमीटर एसी व्होल्टच्या २०० वर ठेवून टोकं अ‍ॅम्पच्या सबवूफर आउटपुटला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. आकडा ३१.६ ला पोहोचला की थांबा. साधे मीटर घरच्या ५० हर्ट्झ विजेसाठीच बनलेले असतात, त्यामुळे या टोनला ते बरोबर मोजतात. आवाज शून्यावर आणून सबवूफर परत जोडा. यापुढे तीस हीच तुमची मर्यादा, आणि स्टिरिओतली सबवूफर लेव्हलही वाढवायची नाही.

मग बाकीचे नॉब. लो पास फिल्टर ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. गायकाचा आवाज डिकीतून येतोय असं वाटलं तर आणखी खाली आणा. सबसॉनिक फिल्टर भोक असलेल्या, म्हणजे पोर्टेड बॉक्ससाठी गरजेचा: बॉक्स ३५ हर्ट्झला ट्यून असेल तर फिल्टर ३० च्या आसपास. त्याखाली कोनला हवेचा आधार मिळत नाही आणि तो जागच्या जागी फाटू शकतो. बास बूस्ट? शून्यच ठेवा. ६ डीबी बूस्ट म्हणजे त्या पट्टीत चौपट पॉवरची मागणी, आणि आपला अ‍ॅम्प तर आधीच ५०० वर थांबलाय.

फेजचं बटण शेवटी बघा. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, ओळखीचं गाणं लावा आणि दुसऱ्या कुणाला ० आणि १८० मध्ये बटण बदलायला सांगा. ज्या बाजूला बास जास्त भरीव वाटेल तिथे ते सोडून द्या.