चापाची गोष्ट

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल, तीन स्थिती, या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. ते कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे, शिक्षकाच्या घरातले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य मिळवले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे जावी लागली.

माणदेशालाही मोठ्या स्पर्धा नवीन नाहीत. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. पण धावण्याची सुरुवात माळरानावर होऊ शकते. नेमबाजीला यंत्र लागते, आणि यंत्राला पैसा. म्हणून एन.सी.सी.च्या शिबिरात पहिल्यांदा .२२ रायफल हाती घेतलेला विद्यार्थी परत येऊन विचारतो, "सर, चांगला ट्रिगर बसवला तर नेम सुधारतो का? आणि स्वस्तातला कोणता?" या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या किंमतपत्रकात शोधण्याआधी आपण चापाच्या इतिहासात शोधू.

किती हलले तर नेम चुकतो?

आधी थोडे गणित. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे त्रिज्या ५.२ मिलिमीटर. रायफल एक मीटर लांब आहे आणि तिचा दस्ता खांद्याशी स्थिर आहे असे समजा. चाप ओढताना नळीचे टोक केवळ ०.१ मिलिमीटर सरकले, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने ५० मीटरवर गोळी ५ मिलिमीटर सरकेल. एका साध्या कागदाच्या जाडीएवढी ही हालचाल, आणि मध्यावर बसणारी गोळी दहाच्या वर्तुळाच्या काठावर जाते. ही हालचाल करणारे बोट चापावरच असते. सारा प्रश्न इथून सुरू होतो.

तोड्याची बंदूक

अगदी सुरुवातीच्या हातबंदुकांना चाप नव्हता. एका हाताने किंवा काखेत नळी धरायची आणि दुसऱ्या हाताने जळती वात भोकाला लावायची. नजर भोकाकडे, मग नेम धरणार कोण? पंधराव्या शतकाच्या प्रारंभी युरोपात यावर तोडगा निघाला. नागमोडी आकाराच्या एका तरफेच्या टोकाला जळता तोडा बसवला आणि दुसरे टोक बोटाखाली आणले. बोटाने ओढले की तोडा रंजकेवर टेकतो. हा चापाचा पहिला अवतार. त्याने डोळा आणि दुसरा हात मोकळा केला, आणि त्यामुळेच नेम धरणे शक्य झाले.

आपल्याकडे तोड्याची बंदूक फार काळ टिकली. युरोपात चकमकीच्या बंदुका रूढ झाल्यावरही, अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत, ती वापरात होती. याला मागासलेपणा म्हणून मोकळे होण्याची घाई आपण करू नये. तिच्यात नाजूक कमान नव्हती, झिजणारी गारगोटी नव्हती आणि बिघाड गावच्या लोहाराला दुरुस्त करता येई. परवडणारे म्हणजे नुसते स्वस्त नव्हे, तर जवळपास दुरुस्त होणारे, हा धडा तेव्हाचाच आहे.

ठिणगी आणि उशीर

सतराव्या शतकात चकमकीची बंदूक पसरली. आता चापाचे काम बदलले. घोड्यामागची कमान ताणून ठेवलेली असते आणि एका खटक्याने ती अडवलेली असते. चाप फक्त तो खटका सोडवतो. गोळी उडवण्यासाठी लागणारी ऊर्जा आधीच साठवलेली, बोटाने फक्त तिची वाट मोकळी करायची. आजच्या यांत्रिक ट्रिगरचे तत्त्व हेच आहे.

जर्मन भाषिक प्रदेशातील कारागीर तर सोळाव्या शतकातच एक पाऊल पुढे गेले होते. त्यांनी मुख्य खटक्यासाठी दुसरी छोटी कमान बसवली. नेमबाज ती आधी ताणून ठेवी. मग चापाला नुसता स्पर्श झाला की छोटी कमान सुटून मुख्य खटक्यावर आदळे. केसाच्या स्पर्शाने सुटणाऱ्या चापाची कीर्ती इथून सुरू होते.

पण चकमकीत एक दोष उरलाच. चाप ओढणे, रंजक पेटणे आणि गोळी सुटणे यांत जाणवण्याइतका वेळ जाई. स्कॉटलंडमधील पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना शिकारीत हा अनुभव आला: रंजकेचा भपका पाहून पक्षी सावध होत. त्यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग केला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे त्यातूनच टोपीची बंदूक आली. उशीर घटला, आणि नेमबाजाच्या बोटाची चूक आता उघडी दिसू लागली.

राणीची रेशमी दोरी

जुलै १८६० मध्ये लंडनजवळ विम्बल्डन येथे ब्रिटिश नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली. पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने उडवली. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रतज्ज्ञाने आपली रायफल लोखंडी आधारावर पक्की बसवली होती आणि चापाला रेशमी दोरी बांधली होती. राणीने दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर लागली.

कौतुक राणीचे झाले. आपण मात्र त्याकडे प्रयोग म्हणून पाहू. माणसाचे बोट आणि थरथर वगळली की रायफल काय करू शकते, ते तिथे दिसले. व्हिटवर्थ हेच १८४० साली धातूचे अचूक सपाट पृष्ठभाग बनवण्याची पद्धत मांडणारे आणि १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचवणारे गृहस्थ. चांगल्या चापाचे मर्मही शेवटी दोन छोट्या, कठीण, गुळगुळीत पृष्ठभागांत असते.

हलका की एकसारखा?

लष्करी रायफलचा चाप मुद्दाम जड ठेवतात. ली-एनफिल्डचा चाप सुटायला सुमारे अडीच किलोचा ओढ लागे. धावताना, पडताना, धक्का बसताना गोळी सुटू नये, हा हेतू. स्पर्धेच्या .२२ रायफलचा चाप साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास सुटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा त्यांत बसवायचे सुधारित ट्रिगर बनवणारे टिम्नीसारखे छोटे कारखाने उभे राहिले. 'परवडणारा सुधारित ट्रिगर' ही कल्पना तिथे रुजली.

यातून हलका तो चांगला असा समज पसरला. नियमांनी ५० मीटर रायफलच्या चापाला किमान वजनाची अट घातलेली नाही. एअर पिस्तुलाला मात्र ५०० ग्रॅमची आहे. तरीही रायफलचे नेमबाज शून्याकडे धावत नाहीत. फार हलका चाप बोटाला कळण्याआधीच सुटतो. म्हणून दोन टप्प्यांचा चाप लोकप्रिय झाला: पहिला टप्पा सैल सरकतो, मग बोटाला स्पष्ट अडथळा जाणवतो, आणि त्यापुढे किंचित जास्त दाबाला खटका सुटतो.

हे तत्त्व वर्गात बंदुकीशिवाय दाखवता येते. लाकडी ठोकळा स्प्रिंग काट्याने हळूहळू ओढा आणि तो सुटतो त्या क्षणाचे वाचन घ्या. असे दहा वेळा करा. मग पृष्ठभागावर मेण घासून पुन्हा दहा वेळा. सरासरी काढाच, पण सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वाचनातला फरकही काढा. नेमबाजाला सरासरीपेक्षा हा फरक महत्त्वाचा. दर वेळी १५० ग्रॅमला सुटणारा चाप बोट शिकून घेते. कधी ८० तर कधी १४० ग्रॅमला सुटणारा चाप हलका असूनही शिकता येत नाही.

मग पैसे कशावर?

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. आधी आहे तो चाप मोजून घ्यावा: दहा वेळा, परवानाधारक कारागिराकडून, रायफल रिकामी असल्याची खात्री करून. माणसारख्या कोरड्या मुलखात तेलावर बसलेली धूळच अनेकदा दोषी असते आणि सफाईला फारसा खर्च येत नाही. ओढ तरीही बदलत राहिला, तर त्याच रायफलसाठी बनवलेला, दोन टप्प्यांचा, दाब जुळवता येणारा ट्रिगर घ्यावा, आणि तो नीट करून देणारा माणूस जवळपास आहे ना, हेही पाहावे. खटक्याला घरी कानस लावणे मात्र कटाक्षाने टाळावे. तिथला अंशभर धातू गेला की रायफल धक्क्यानेही सुटू शकते.

ओढ एकसारखा असेल, तर नव्या ट्रिगरचे पैसे काडतुसांवर आणि प्रशिक्षणावर घालवावेत. सहाशे वर्षांत कारागिरांनी बोटाचे काम कमी करत आणले; ते शून्य मात्र झालेले नाही. तेवढे उरलेले काम, न हलता चाप ओढण्याचे, विकत मिळत नाही. ते प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रिकाम्या रायफलवर रोज शिकावे लागते, आणि त्याला काडतूसही लागत नाही.