रानातील रविवार

शनिवारी दुपारी पाठीवर पिशवी टाकून वीस-पंचवीस मुलांचे पथक गावाबाहेर पडते, रानात तंबू ठोकते, रात्री शेकोटीभोवती गाणी म्हणते आणि रविवारी सायंकाळी दमून, धुळीने माखून, पण मोठ्या आनंदाने घरी परतते. बालवीर चळवळीतील हे दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात इतिहासाने दखल घ्यावी असे काय आहे, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येईल. परंतु शंभर वर्षांपूर्वी युरोपातील कॅथलिक समाजात या दीड-दोन दिवसांच्या मुक्कामाने मोठा वाद उत्पन्न केला होता. आणि पुढे एका देशात असा मुक्काम योजणे हा गुन्हा मानला गेला होता. त्या वादाची आणि त्या गुन्ह्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

मॅफेकिंगच्या वेढ्यात नाव कमावलेला इंग्रज सेनानी बेडन-पॉवेल याने १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुले जमविली. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतील मुले होती, तशीच कष्टकरी घरांतीलही होती. त्यांच्या चार टोळ्या करण्यात आल्या, प्रत्येक टोळीला एक मुलगाच नायक नेमण्यात आला आणि आठवडाभर ही मुले तंबूत राहिली. १९०८ मध्ये बेडन-पॉवेलचे पुस्तक पाक्षिक भागांनी प्रसिद्ध होऊ लागले आणि पाहता पाहता ही चळवळ देशोदेशी पोचली. तिचे मर्म शिबिरात होते. वर्गात दिलेला उपदेश कानांवरून जातो. परंतु ओले लाकूड पेटत नाही, तंबूची दोरी सैल राहिली तर रात्री छप्पर अंगावर येते आणि आपण पाणी आणले नाही तर सर्वांना उपाशी राहावे लागते, हे शिक्षण अंगात मुरते, हे त्या सेनानीने ओळखले होते.

धर्माला या योजनेत स्थान होते. ब्राउनसीच्या दिनक्रमातही प्रार्थना होती. मात्र ती कोणत्या पंथाची असावी, हे चळवळीने ठरविले नव्हते. ईश्वराविषयीचे कर्तव्य प्रत्येकाने आपापल्या धर्माप्रमाणे पाळावे, एवढेच तिचे म्हणणे होते. फ्रान्स, बेल्जम, इटली या देशांतील अनेक कॅथलिक धर्मगुरूंना हीच गोष्ट खटकली. प्रॉटेस्टंट देशातून आलेली ही पद्धत मुलांना ‘निसर्ग’ नावाचा नवा देव देईल, अशी त्यांना भीती वाटे. फ्रान्समध्ये १९११ च्या सुमारास जी पहिली पथके निघाली, त्यांतील काही प्रॉटेस्टंटांची होती, तर काही धर्मनिरपेक्ष म्हणविणारी होती. या वस्तुस्थितीने तो संशय अधिकच बळावला.

त्यात रविवारची अडचण होती. रविवारी मिस्सेस उपस्थित राहणे हे कॅथलिक मनुष्याचे बंधनकारक कर्तव्य. सबंध आठवड्यात पॅरिशचा धर्मगुरू आपल्या कळपातील सर्व मेंढरे एकत्र पाहतो ती याच दिवशी. आणि हे बालवीरांचे नायक नेमक्या त्याच दिवशी मुलांना रानात घेऊन जाणार! गावातील देवळाचे बाक रिकामे पडतील ही धर्मगुरूंची तक्रार पोकळ होती, असे आपणांस म्हणता येणार नाही.

या तक्रारीचे उत्तर ज्याने शोधले, तो स्वतः धर्मगुरूच होता. झाक सेव्हँ हा फ्रान्समधील लील नगरात १८८२ मध्ये जन्मलेला येशूसंघीय. बालवीर चळवळीवर होणारी टीका वाचून त्याचे कुतूहल जागे झाले आणि १९१३ मध्ये तो इंग्लंडला जाऊन बेडन-पॉवेलला प्रत्यक्ष भेटला. पाहून आल्यावर त्याचा निर्णय टीकाकारांच्या विरुद्ध पडला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो बेल्जममधील मूस्क्रों या गावी होता. गाव जर्मनांच्या ताब्यात होते. तेथे त्याने या पद्धतीवर एक विस्तृत ग्रंथ लिहिला आणि १९१८ मध्ये गुपचूप एक छोटे पथकही उभे केले. १९२० मध्ये पॅरिसचे वयोवृद्ध धर्मगुरू कॉर्नेत आणि इतर सहकारी यांच्यासह त्याने फ्रान्सच्या कॅथलिक बालवीरांची संघटना स्थापन केली. इटलीमध्ये काउंट मारिओ दी कार्पेन्या यांनी १९१६ मध्येच अशी संस्था काढली होती.

सेव्हँचे म्हणणे थोडक्यात असे होते: मुलाला रानातून देवळात ओढून आणण्याची गरज नाही, देऊळच रानात न्यावे. बालवीरांच्या नियमांत, बालवीर हा प्राण्यांचा मित्र असतो, असा एक नियम आहे. सेव्हँने फ्रेंच नियमावली रचताना त्याच्या आधी एक विचार जोडला, की बालवीर सृष्टीत ईश्वराची कृती पाहतो, आणि म्हणूनच तो झाडांवर व प्राण्यांवर प्रेम करतो. टीकाकार ज्याला निसर्गपूजा म्हणत होते, तिचे उत्तर या एका वाक्यात त्याने दिले.

परंतु तत्त्व सांगणे सोपे. शनिवार-रविवारचा मुक्काम प्रत्यक्ष आखणे अवघड. पॅरिसच्या दक्षिणेस शामारांद येथील वाड्याच्या विस्तीर्ण उपवनात सेव्हँने पथकनायकांचे प्रशिक्षण सुरू केले. अशा मुक्कामाची आखणी त्या काळी कशी करावी लागत असे, हे नीट ध्यानी घेण्यासारखे आहे; कारण चर्चचे त्या वेळचे नियम मोठे कडक होते.

पहिली गोष्ट म्हणजे परवानगी. देवळाबाहेर उघड्यावर मिस्सा अर्पण करण्यास धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा लागे. दुसरी गोष्ट वेदीची. रानातील वेदी मुलांनी दगड रचून किंवा लाकडे दोरीने बांधून उभारली तरी चाले; पण तिच्यावर बिशपांनी अभिषेक केलेली, हुतात्म्यांचे अवशेष आत बसविलेली एक सपाट शिळा ठेवावीच लागे. तंबू, कढई, कुऱ्हाड यांच्या यादीत ही शिळा, शुभ्र वस्त्रे, दोन मेणबत्त्या, चषक, द्राक्षरस आणि बेखमीर भाकरी यांची भर पडे. हे सर्व ओझे कोणाच्या तरी पाठीवरूनच जावयाचे असे. वारा सुटला तर मेणबत्ती कशी टिकवावी आणि पाऊस आला तर वेदी कोठे हलवावी, याचाही विचार आधीच करून ठेवावा लागे.

तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट उपवासाची. प्रभुप्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्न तर नाहीच, परंतु पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नाही, असा त्या वेळी दंडक होता. आदल्या दिवशी दहा मैल चाललेली, रात्रभर थंडीत झोपलेली बारा-तेरा वर्षांची मुले सकाळी उपाशीपोटी किती वेळ उभी राहतील? म्हणून शेकोटी लवकर विझवावयाची, झोपेची वेळ काटेकोर पाळावयाची, मिस्सा भल्या पहाटे ठेवावयाची आणि ती संपताच गरम न्याहारी हाती पडेल अशी व्यवस्था करावयाची. रविवार हा विश्रांतीचा दिवस. जड कामे वर्ज्य. तेव्हा लाकडे तोडणे, चर खणणे हे शनिवारीच उरकून घ्यावे लागे. शुक्रवारी सायंकाळीच निघावयाचे असेल, तर त्या दिवशी मांस वर्ज्य म्हणून शिधाही निराळा. सायंकाळी एखाद्या झाडाखाली धर्मगुरू बसत आणि ज्यांना पापनिवेदन करावयाचे असेल ती मुले एकेक करून त्यांच्यापाशी जात.

सेव्हँने यात एक मर्यादा मोठ्या कटाक्षाने सांभाळली. पथकाचा नायक हा प्रापंचिक तरुण असावयाचा. धर्मगुरू हा त्याचा सल्लागार आणि मुलांचा आध्यात्मिक मित्र. मुक्काम चालवावयाचा तो नायकाने आणि टोळ्यांनी. प्रार्थनांची संख्या वाढवून मुलांना कंटाळा आणणे त्याला मान्य नव्हते. विस्तव पेटविणे, भांडी घासणे, लहानग्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेणे, हेही त्याच प्रार्थनेचे भाग मानावेत, अशी त्याची दृष्टी होती. शेकोटीच्या शेवटी बालवीर हातात हात गुंफून जे निरोपाचे गीत म्हणतात, त्या जुन्या स्कॉटिश चालीवरील फ्रेंच शब्द याच धर्मगुरूने रचलेले आहेत. शेकोटीचा अखेर रात्रीच्या प्रार्थनेत व्हावा आणि मग सकाळपर्यंत छावणीवर शांतता असावी, ही प्रथाही अशा मुक्कामांतून रुळली. पंढरीच्या वाटेवरील दिंडीचा तळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात परके वाटण्यासारखे काही नाही. दिवसभराची चाल, तळावरचा स्वयंपाक आणि रात्रीचे कीर्तन ही तेथेही एकाच साधनेची अंगे आहेत.

आता या कथेचे दुसरे प्रकरण. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीला मुलांची मने संपूर्णपणे आपल्या हाती हवी होती. १९२६ मध्ये सरकारी बालसंघटना निघाली. १९२७ च्या आरंभी लहान गावांतील बालवीर पथके विसर्जित करण्याचा हुकूम झाला आणि १९२८ मध्ये उरलेली सर्व पथके बंद करण्यात आली. गणवेश, निशाणे, छावण्या सर्वच बेकायदेशीर ठरले. बहुतेकांनी निरुपायाने मान तुकविली.

मिलान आणि मोंझा येथील काही तरुणांनी मात्र ती तुकविली नाही. जूलिओ चेझारे उच्चेल्लीनी हा त्यांचा नायक आणि आंद्रेआ गेत्ती हा त्यांच्यातील एक तरुण, जो पुढे धर्मगुरू झाला. त्यांनी स्वतःला ‘भटके गरुड’ हे नाव घेतले. साधे कपडे घालून, दोघे-तिघे वेगवेगळे असे ते शहराबाहेर पडत. डोंगरात पोचल्यावर पिशवीतील गणवेश अंगावर चढे. कोमो सरोवराच्या उत्तरेस कोदेरा नावाचे एक अरुंद खोरे आहे. दगडी पायऱ्यांच्या वाटेने चढून गेल्यावाचून तेथे पोचता येत नाही. आजही तेथे मोटारीचा रस्ता नाही. हे खोरे त्यांचे आवडते शिबिरस्थान झाले. मुक्कामाच्या आखणीत आता शिळा आणि मेणबत्त्या यांच्या जोडीला कोणत्या वाटेने जावयाचे, कोणाला किती सांगावयाचे आणि पकडले गेलो तर काय उत्तर द्यावयाचे, याही गोष्टी आल्या. हुकूमशाहीपेक्षा एक दिवस तरी अधिक टिकावयाचे, हा त्यांचा निश्चय होता. १९४२ मध्ये उच्चेल्लीनीला फॅसिस्टांनी गाठून एवढी मारहाण केली, की त्याचा एक कान निकामी झाला. तरीही शिबिरे थांबली नाहीत.

या हट्टाचा उपयोग काय, असे त्या काळी कित्येक शहाण्यांनी विचारले असेल. उत्तर १९४३ च्या सप्टेंबरात मिळाले. इटलीने दोस्तांशी तह करताच जर्मन सैन्याने उत्तर इटली व्यापली आणि ज्यू, पळालेले युद्धकैदी व राजकीय विरोधक यांची धरपकड सुरू झाली. तेव्हा मिलानमध्ये गेत्ती आणि इतर धर्मगुरूंनी या गरुडांना हाताशी धरून सुटकेची एक गुप्त संघटना उभारली. बनावट कागदपत्रे तयार झाली, मार्ग आखले गेले आणि दोन हजारांहून अधिक माणसे डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये सुखरूप पोचविली गेली. रात्री अंधारात वाट ओळखणे, पावलांचा आवाज न करता चालणे, थकलेल्याला आधार देणे, तोंड बंद ठेवणे हे या तरुणांना नव्याने शिकावे लागले नाही. पंधरा वर्षांच्या चोरट्या रविवारांनी ते त्यांना शिकविले होते. आणि १९४५ मध्ये बाजू उलटल्यावर ज्या पराभूतांच्या जिवावर सूड घेण्यासाठी लोक टपले होते, त्यांपैकीही काहींना याच मंडळींनी वाचविले. शत्रूवर प्रेम करण्याचा धडा वेदीसमोर ऐकणे निराळे आणि असा आचरणे निराळे!

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. सेव्हँला १९३३ मध्येच संघटनेतील पदांवरून दूर व्हावे लागले होते. १९५१ मध्ये तो निवर्तला. २०१२ मध्ये चर्चने त्याला ‘पूजनीय’ ही पदवी दिली. उपवासाचे कडक नियम १९५३ मध्ये सैल होऊ लागले. आधी पाण्याला मुभा मिळाली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. आता शनिवारच्या सायंकाळची मिस्साही रविवारच्या कर्तव्यात धरली जाते. मुक्काम आखणाऱ्या नायकाचे काम त्या मानाने पुष्कळ सोपे झाले आहे.

आपल्या देशात १९५० साली भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकत्र संस्था झाली आणि तिच्या शिबिरांत सर्वधर्म प्रार्थनेची प्रथा रुजली. अनेक धर्मांची मुले एका शेकोटीभोवती बसतात, तेथे हीच वाट योग्य होय. परंतु सर्वांनी मिळून प्रार्थना करणे आणि प्रत्येकाने आपल्या श्रद्धेची खोली जाणणे, या दोहोंत विरोध नाही, हे कोदेराच्या खोऱ्यातील मुलांनी दाखवून दिले. त्यांनी आपल्या पंथाची वेदी रानात नेली. आणि त्या वेदीपासून निघालेली वाट मात्र परधर्मीयांच्या प्राणरक्षणाकडे गेली.

तेव्हा पुढच्या शनिवारी आपला मुलगा किंवा मुलगी पाठीवर पिशवी टाकून निघेल, तेव्हा त्या पिशवीत किती कपडे आहेत आणि खाऊ पुरेसा आहे की नाही, हे आपण अवश्य पाहावे. परंतु ते मूल तेथून काय शिकून येते, याचा हिशेब मात्र रविवारी सायंकाळी मांडू नये. तो कधी कधी पंधरा वर्षांनी, एखाद्या अंधाऱ्या रात्री, कोणाच्या तरी दारावर थाप पडते तेव्हा लागत असतो.