जर्मनीतील पहिले सत्र

जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, ही गोष्ट आता मराठी मध्यमवर्गाला नवी राहिलेली नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तेथे सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचीच संख्या सर्वाधिक होती. अर्थात अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राचे १५०० युरो घेते, तर म्युनिचच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून शुल्क आकारण्यास प्रारंभ केला. प्रवेश, एपीएस प्रमाणपत्र आणि व्हिसा यांविषयी घरोघरी भरपूर चर्चा होते. तेथे पोहोचल्यानंतरच्या सहा महिन्यांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

पहिला प्रश्न खोलीचा. विद्यार्थी वसतिगृहांतील जागा तुलनेने स्वस्त असतात, पण प्रतीक्षायादी लांबलचक असते. म्हणून प्रवेश निश्चित होण्याची वाट न पाहता अर्ज करून ठेवणे शहाणपणाचे. खोलीचे महत्त्व केवळ डोक्यावरच्या छपरापुरते नाही. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आन्मेल्डुंग’, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र हवे असते. तात्पुरत्या निवासाचे अनेक मालक ते देत नाहीत. नोंदणी नाही तर करक्रमांक नाही, आणि निवास परवान्याचे कामही पुढे सरकत नाही. हा परवाना व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी मागावा लागतो आणि मोठ्या शहरांत त्यासाठी वेळ मिळणे कठीण असते. सरकारी पत्रे टपालाने आणि जर्मन भाषेत येतात. टपालपेटीवर स्वतःचे नाव चिकटवले नसेल, तर ती परत जातात. इतकी साधी बाब, पण त्यापायी महिना वाया जाऊ शकतो.

खर्चाच्या तरतुदीसाठी ‘श्पेरकोंटो’ या गोठवलेल्या खात्यात रक्कम आधीच भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो झाली. हे पैसे तेथे पोहोचून खाते कार्यान्वित झाल्यावर हप्त्याहप्त्याने मिळतात. घरमालक मात्र तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांसाठी वेगळी रक्कम जवळ बाळगणे आवश्यक ठरते.

खरी कसोटी वर्गात लागते, आणि ती उशिरा कळते. हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होतात. बहुतेक व्याख्यानांना हजेरी घेतली जात नाही, चाचण्यांचे गुण जमा होत नाहीत. तास संपल्यावर विद्यार्थी टाळ्या न वाजवता बाकावर बोटांनी टकटक करतात, प्राध्यापक निघून जातात. आपल्याकडील अंतर्गत गुणांना सरावलेल्या मुलाला हे स्वातंत्र्य वाटते. फेब्रुवारीत अनेक विषयांचा निकाल एकाच लेखी परीक्षेवर लागतो. तिच्यासाठीही स्वतंत्र नावनोंदणी करावी लागते. मुदत चुकली तर वर्गात बसूनही परीक्षा देता येत नाही. श्रेणीचा क्रमही आपल्या उलट आहे: १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर उत्तीर्ण.

अनेक अभ्यासक्रमांत एका परीक्षेला दोन किंवा तीनच संधी मिळतात. अनिवार्य विषयात शेवटची संधीही हुकली, तर विद्यापीठातून नाव कमी होते आणि तोच अभ्यासक्रम देशातील दुसऱ्या विद्यापीठात घेण्याचा मार्गही सहसा बंद होतो. निवास परवाना शिक्षणाशीच जोडलेला असल्याने तोही धोक्यात येतो. म्हणूनच मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा मिळाली असली, तरी पहिल्याच सत्रात ती पुरेपूर वापरण्याचा मोह आवरलेला बरा. कर्जाचे हप्ते डोळ्यांसमोर असताना हे सांगणे सोपे आहे, हेही खरे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात. भारताशी साडेतीन तासांचे असलेले अंतर साडेचार तासांचे होते, आणि डिसेंबरात बर्लिनमध्ये चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. दिवाळीची सुट्टी नसते. रविवारी दुकाने बंद. १९२८ मध्ये इरावती कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या, तेव्हा घरचे पत्र बोटीने येण्यास काही आठवडे लागत. आता रोज संध्याकाळी दूरध्वनीवर घर दिसते, पण त्यामुळे शेजारच्या खोलीतील मुलाशी ओळख लांबणीवरच पडते. वसतिगृहाचे सामाईक स्वयंपाकघर या बाबतीत उपयोगी पडते. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी इतकेच, कारण धुराची घंटा वाजली की सारी इमारत जागी होते. मन फारच खचले, तर विद्यापीठांत आणि विद्यार्थी सेवा संस्थांत समुपदेशन बहुधा मोफत असते. त्यासाठी अनेक ठिकाणी इंग्रजीही चालते.