घानात वीज गेली होती म्हणून

२०१७ सालच्या जूनअखेरीस न्हावा-शेवा बंदरातले 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हे टर्मिनल ठप्प झाले. धक्का जागेवर होता, क्रेन शाबूत होत्या. बंद पडली होती ती नोंद. कोणता कंटेनर कुठल्या थप्पीत आहे, कोणत्या ट्रेलरवर चढवायचा, हे सांगणारी संगणकयंत्रणाच गेली होती. माणसे हाताने काम रेटू पाहत होती.

मूळ होते युक्रेनमध्ये. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा विध्वंसक प्रोग्राम २७ जूनला पसरला. न्हावा-शेव्याचे हे टर्मिनल चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. काही तासांत समूहाचे जगभरचे जाळे कोलमडले.

या प्रकरणाचे कागद चाळताना मला सर्वांत बोलका वाटला तो घानाचा तपशील. जाळ्यात कोणाला कुठवर प्रवेश, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर मर्स्ककडे होते. सगळ्यांत तीच नोंद. एक बिघडला तर दुसऱ्यावरून भरून काढायची. सगळे एकदम पुसले जातील, हे कोणी गृहीतच धरले नव्हते. वाचला तो घानातला एक. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्यातली नोंद हार्ड डिस्कवरून नायजेरियामार्गे इंग्लंडला पोचवली गेली आणि तिच्यावर पुढची उभारणी झाली.

समूहाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला हिशेब मांडला. १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले; तेवढ्या काळात मालाची उलाढाल २० टक्क्यांनीच घटली. उरलेले ८० टक्के काम माणसांनी निभावले. नुकसान मात्र २५ ते ३० कोटी डॉलरचे.

न्हावा-शेव्यात वर्षभर आधीच, १ जुलै २०१६ पासून, कंटेनरना आरएफआयडी टॅग लावून माग ठेवणारी 'लॉजिस्टिक्स डेटा बँक' सुरू झाली होती. टॅगमुळे कंटेनर कुठून पुढे गेला ते कळते. तो उचलायचा कधी आणि कोणी, हे टर्मिनलची यंत्रणा ठरवते. माग लागणे वेगळे, संकटात तगणे वेगळे.

आता मालाच्या नोंदी क्लाउडवर जात आहेत. सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण एकमेकींशी सतत जुळत राहणाऱ्या शंभर प्रती संकटात एकाच प्रतीसारख्या बुडू शकतात. म्हणून प्रत्येक बंदराला दोन प्रश्न विचारायला हवेत: जाळ्यापासून तोडून ठेवलेली तुमची प्रत कुठे आहे? आणि पडदे काळे झाले, तर वही-पेन घेऊन धक्का चालवू शकतील अशी किती माणसे तुम्ही कामावर ठेवली आहेत? मर्स्कला पहिल्या प्रश्नाचे उत्तर वीज गेल्यामुळे मिळाले. दर वेळी वीज सोयीच्या वेळीच जाईल, असे नाही.